बॉर्डरवाल्याला दोन्हीकडची

पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील काढून):

ताई, मी बेळगावच्या पश्चिमेकडच्या एका खेड्यातला. वय २३. इंजिनिअरिंग बेळगावातच केलं, आता एमएससाठी जर्मनीत आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, लेक्चर सुरू व्हायच्या आधी, हॉस्टेलमधल्या भारतीय मुलांनी 'महाराष्ट्र विरुद्ध कर्नाटक' असा पिण्याच्या खेळांचा सामना ठेवला. आधी लॉनवर फ्लंकीबॉल, मग किचनमध्ये बिअर पाँग. मी बेळगावचा म्हटल्यावर दोन्हीकडून ओढाओढ झाली. शेवटी ठरलं, हा बॉर्डरवाला, दोन्हीकडून खेळेल. दंडाची बिअरही दोन्हीकडची मलाच. कॉलेजात मी कधीमधी बिअर घेतली होती, तेवढीच सवय. त्या रात्रीचं दहानंतरचं काही आठवत नाही. रूममेट हुबळीचा आहे, तो रात्रभर माझ्याजवळ बसून होता. तो ॲम्ब्युलन्स बोलवायची म्हणत होता, बाकीच्यांनी 'व्हिसाचं लफडं होईल' म्हणून अडवलं. माझा उलट्या करतानाचा व्हिडिओ ग्रुपवर पडला आणि फिरत फिरत गावातल्या चुलतभावापर्यंत गेला. 'काय करूलास बे तिकडं?' असा त्याचा मेसेज आला. आप्पा माळकरी. माझ्यासाठी शेतावर कर्ज काढलंय. आक्का म्हणते, मी आप्पांना हळूच सांगते. इकडं एक नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाचं जेवण आहे आणि त्यानंतर 'रिमॅच'. नाही म्हटलं तर दोन्ही ग्रुप तुटतील, गेलो तर तेच होईल. आप्पांना सांगू का? की कार्तिकीची वारी होऊन जाऊ दे? आणि ताई, मी बिघडलो का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो सोपा आहे. नाही, बिघडला नाहीस. एका रात्रीनं कुणी बिघडत नाही. पण एका रात्रीत माणूस दगावू शकतो, आणि त्याबद्दल तुझ्या लांबलचक पत्रात एक ओळ नाही. व्हिडिओबद्दल अख्खं पान आहे. तेव्हा आधी त्या रात्रीचं बघू. गावात कोण काय म्हणेल ते नंतर.

फ्लंकीबॉल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दोन टीम समोरासमोर, मधे साधारण दहा मीटर. बरोब्बर मध्ये पाणी भरलेली एक प्लास्टिकची बाटली उभी. एका टीमनं चेंडू मारून ती पाडली की त्या टीममधल्या प्रत्येकानं आपापली बिअर तोंडाला लावायची आणि समोरचे पळत जाऊन बाटली उभी करून, चेंडू घेऊन आपल्या रेषेवर येऊन 'स्टॉप' ओरडेपर्यंत पीत राहायचं. ज्यांच्या बाटल्या आधी संपतील ते जिंकले. चुकलं, सांडलं, उशिरा थांबलास की दंडाची बाटली. बिअर पाँगमध्ये उलटं. टेबलाच्या दोन टोकांना ग्लास मांडलेले, समोरच्याचा पिंगपाँगचा चेंडू तुमच्या ग्लासात पडला की तो तुम्ही प्यायचा.

आता नीट बघ. पहिल्या खेळात जिंकणारा भराभर पितो. दुसऱ्यात हरणारा पितो, प्यायल्यावर त्याचा नेम जातो, नेम गेला की तो आणखी हरतो. तू दोन्ही खेळ खेळलास, दोन्ही टीमकडून. म्हणजे कुणीही जिंको, कुणीही हरो, पिणार तूच. ही मांडणी तिथल्या एकालाही विचित्र वाटली नाही, तुलाही नाही, याचं मला जास्त नवल वाटतं.

हिशेब सांगते, इंजिनिअर आहेस म्हणून. पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बिअरमध्ये साधारण वीस ग्रॅम अल्कोहोल असतं. धडधाकट माणसाचं शरीर तासाला सात-आठ ग्रॅम निकालात काढतं. म्हणजे एका बाटलीला अडीच तासांच्या आसपास. गप्पा मारत, खात-पीत बसलेला माणूस आपसूक थांबत थांबत जातो. खेळात तो ताल मोडतो, कारण कधी प्यायचं हे तुझी तहान ठरवत नाही, समोरच्याचा चेंडू ठरवतो. तासाभरात चार बाटल्या पोटात गेल्या तर त्या उतरायला रात्र पुरत नाही. दुसरी गोष्ट आणखी वाईट. शेवटचा घोट घेतल्यावरही रक्तातलं प्रमाण काही वेळ चढतच राहतं. शेतावर पंप बंद केला तरी पाटातलं पाणी थोडा वेळ पुढं जातच राहतं, तसंच. म्हणून 'झोपलाय, झोपू दे, सकाळी उतरेल' हे वाक्य इतकं धोक्याचं आहे. तो झोपतो तेव्हा चढणं संपलेलं नसतं.

आणि दहानंतरचं आठवत नाही म्हणतोस, तेव्हा तू झोपला नव्हतास. व्हिडिओत तू बोलतोयस, हसतोयस असं तूच लिहिलंयस. मेंदू त्या वेळचं काही साठवून ठेवत नव्हता. कमी वेळात फार प्यायल्याची ती ठळक खूण आहे. पुढं कधी 'अर्धी रात्र आठवतच नाही' अशी गोष्ट कुणी मजेत सांगायला लागला तर हसू नकोस.

तुझ्या हुबळीच्या रूममेटनं काय केलं ते तू एका वाक्यात उरकलंस. मला मात्र त्यातला तपशील फार आवडला: तुला कुशीवर वळवलं, तू परत उताणा होऊ नयेस म्हणून पाठीमागं लॅपटॉपची सॅक लावली, बादली आणून ठेवली आणि खुर्ची ओढून बसला. उताण्या माणसाला उलटी झाली तर ती घशात अडकते, दारूनं दगावणाऱ्यांतले कितीतरी असे जातात. त्याला हे कुणी शिकवलं कोण जाणे. तो कर्नाटकच्या टीमचा कॅप्टन होता म्हणे. असू दे. त्याला एकदा घरी बोलावून आईच्या हातची भाकरी खायला घाल.

ॲम्ब्युलन्सचं मात्र बाकीच्यांनी चुकवलं. परदेशात असलेल्या प्रत्येक मुलामुलीनं हे वाचावं म्हणून सविस्तर लिहिते. हाक मारून, चिमटा काढून माणूस जागा होत नसेल, श्वास मिनिटाला आठापेक्षा कमी पडत असेल किंवा दोन श्वासांत दहा-दहा सेकंद जात असतील, अंग गार पडलं असेल, ओठ-नखं निळसर दिसत असतील, झटके येत असतील किंवा शुद्ध नसताना उलटी होत असेल, तर चर्चा करायची नाही. ११२. अख्ख्या युरोपीय संघात हा नंबर फुकट लागतो. आपल्याकडंही आता तोच आहे. थंड पाण्यानं आंघोळ, काळी कॉफी, चालवत फिरवणं, बोटं घालून उलटी काढणं यातलं काहीच करू नये. कशानंही दारू लवकर उतरत नाही, आणि बेशुद्ध माणसाच्या बाबतीत यातलं बरंचसं जिवावर बेतू शकतं. डोकं दुखतंय म्हणून त्याच रात्री पॅरासिटामॉलही देऊ नये, यकृतावर आधीच ओझं असतं.

आणि व्हिसा. सज्ञान माणूस जास्त प्यायला आणि त्याला दवाखान्यात नेलं, एवढ्यावरून कुणाचा व्हिसा जात नाही. तो गुन्हा नाही. डॉक्टरांवर गुप्ततेचं बंधन असतं. ते युनिव्हर्सिटीला किंवा परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवत बसत नाहीत. जर्मनीत व्हिसा-परवान्यांशी खेळ होतो तो दुसऱ्याच गोष्टींनी. उदाहरणार्थ, पार्टीहून परतताना सायकल. तिथं १.६ प्रति हजारच्या वर दारू रक्तात असताना सायकल चालवणं हा फौजदारी गुन्हा आहे, आणि ई-स्कूटरला तर मोटारीचेच कडक नियम. 'गाडी थोडीच चालवतोय' म्हणून आपली पोरं बिनधास्त पेडल मारतात. चालत जा, नाहीतर ट्राम.

आता तुझ्या मनातल्या मूळ गोष्टीकडं येते. तू लिहिलंस, 'एका टीमला नाही म्हटलं असतं तर दुसऱ्याचा झालो असतो, दोघांना नाही म्हटलं असतं तर कुणाचाच राहिलो नसतो.' हे वाक्य तिथलं नाही, इथलं आहे. आपण सीमाभागातली माणसं हे लहानपणापासून ऐकत आलो. पुण्याला गेलं की 'तुम्ही कर्नाटकातले ना?', बेंगळुरूला गेलं की 'तुम्ही मराठी ना?' शाळा मराठी, सातबाऱ्याचा उतारा कानडीत. बाजारात भाव कानडीत करायचा, घरी येऊन महाग पडलं म्हणून मराठीत कुरकुरायचं. त्यामुळं कुणी टीम पाडायला लागलं की आपल्या पोटात गोळा येतो आणि आपण काहीतरी सिद्ध करायला धावतो. पण लेका, जो सीमाप्रश्न १९५६ पासून लोंबकळतोय, जो २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो एका हॉस्टेलच्या किचनमध्ये तुझ्या जठरात सोडवायचा नव्हता. त्या पोरांनाही तो सोडवायचा नव्हता. त्यांना एक गंमत सापडली होती आणि तू ती गंमत झालास. त्यात फार दुष्टावा होता असं मला वाटत नाही. नव्या देशात आलेली, एकमेकांना धड न ओळखणारी विशी-बाविशीची पोरं होती ती. एखादं सोपं नातं त्यांना हवं होतं, राज्य हे सगळ्यात हाताशी.

पण तू गृहीत धरलंस की तुझं नातं त्या बाटल्यांवर उभं आहे. खरंच आहे का? तुझ्याच पत्रातला पुरावा बघ. तुमच्या मजल्यावरचा जर्मन मुलगा पंच होता आणि रात्रभर सफरचंदाचा रस सोड्यात घालून पीत होता, असं तू जाता जाता लिहिलंस. त्याला कुणी 'का पीत नाहीस' विचारलं? त्याला खेळातून काढलं? उलट त्याच्याशिवाय खेळ झाला नसता. तुला ते दिसलं, लिहावंसं वाटलं, पण त्याचा अर्थ तू स्वतःला लागू केला नाहीस.

नाही म्हणायला कारण लागतं, हा आपल्याकडचा आणखी एक समज. जत्रेला, हळदीच्या रात्री, शेतावरच्या पार्टीत 'घे की ओ' चालू झालं की आपली माणसं औषध चालू आहे, उपवास आहे, गाडी चालवायची आहे असली कारणं शोधतात. कारण दिलं की समोरचा ते खोडायला बसतो. औषध? कुठलं? दाखव. म्हणून कारण देऊच नकोस. 'मी नाही घेणार आज' एवढंच, आणि लगेच दुसरा विषय. हातात काहीतरी भरलेलं धरून उभा राहा, रिकामा हात दिसला की लोकांना सेवा करायची हुक्की येते. जर्मनीत बिनअल्कोहोलची बिअर प्रत्येक सुपरमार्केटात मिळते, अर्ध्या टक्क्यापर्यंतच अल्कोहोल असतं आणि बाटली अगदी तशीच दिसते. बारमध्ये गेलात तर सगळ्यात स्वस्त दारूपेक्षा महाग नसलेलं निदान एक बिनदारूचं पेय यादीत ठेवणं तिथं कायद्यानं बंधनकारक आहे. तेव्हा 'बिअरच परवडते' हेही खरं नाही.

खेळायची हौस असेल तर खेळ. बिअर पाँगच्या ग्लासांत नुसतं पाणी भरून, ज्याचं त्याचं पेय बाजूला ठेवूनही मजेत खेळतात. जमिनीवर घरंगळलेला चेंडू ज्या बिअरमध्ये पडतो ती प्यायची कशाला, हा साधा स्वच्छतेचा मुद्दा पुढं केलास तरी पुष्कळ पोरं तयार होतील. फ्लंकीबॉल तर पळापळीचाच खेळ आहे, लिंबू सरबतावर चालतो. आयोजक कुणी वाचत असतील तर त्यांना दोन गोष्टी: दंड म्हणून दारू ठेवू नका, भांडी घासायला लावा. आणि खेळाच्या आधी जेवण द्या, नंतर नको. पोटात भात-आमटी असेल तर दारू हळू चढते, थांबायला अवसर मिळतो. गटात एखादी मुलगी किंवा मुलगा गप्प होऊन कोपऱ्यात बसला असेल, तर तो 'बोअर' झालाय असं समजू नका, जाऊन बघा.

एक नोव्हेंबरचं काय? इथं दोन वेगळ्या गोष्टींची तू खिचडी केलीस. गावी असतास तर त्या दिवशी काळा दिवस म्हणून काळी पट्टी लावून फेरीत गेला असतास, तिथं राज्योत्सवाच्या पंगतीला बसायचं, हे तुला टोचतंय. ते टोचणं खरं आहे आणि मी ते पुसायला सांगणार नाही. जेवायला जायचं नसेल तर जाऊ नकोस, रूममेटला सरळ सांग की आमच्याकडं या दिवसाचा अर्थ वेगळा आहे. ज्यानं तुझ्या उशाशी रात्र काढली त्याला हे समजेल, आणि नाही समजलं तर निदान बोलणं तरी होईल. पण जेवणाला जावंसं वाटत असेल, केवळ रिमॅचच्या भीतीनं टाळत असशील, तर जा, पोटभर जेव आणि टेबल मांडायच्या आधी निघ. 'जेवायला येतो, खेळायला नाही' असं दोन दिवस आधी ग्रुपवर टाकून ठेव. ऐनवेळी दारात उभं राहून सांगण्यापेक्षा ते सोपं जातं. टिंगल होईल. दोन-चार दिवस 'बॉर्डर सील झाली' वगैरे विनोद चालतील. चालू देत.

एकटेपणाची तुझी भीती मात्र मी हलकी धरत नाही. डिसेंबरात तिकडं चार-साडेचारला अंधार पडतो, आणि त्या अंधारात रिकामी खोली फार मोठी होते. दोन्ही ग्रुप सोडून तिसरं काहीतरी आत्तापासून धर. युनिव्हर्सिटीच्या खेळांच्या वर्गांना फार पैसे लागत नाहीत, तू कॉलेजात कबड्डी खेळायचास तर कुस्ती-ज्यूडोकडं बघ. लोकांना तोंड द्यायला आधी एक बिअर लागते, खोलीत एकट्यानं बाटली उघडली जाते, सकाळचं लेक्चर बुडतं, असं काही होऊ लागलं तर तिथल्या विद्यार्थी-सेवा संस्थेकडं समुपदेशन मिळतं. बहुधा फुकट, गुप्त, आणि पुष्कळ ठिकाणी इंग्रजीतही. वाट बघत बसू नकोस.

आता आप्पा. सांग. तूच सांग. आक्काला मध्ये घालू नकोस. ती हळूच सांगेल, म्हणजे आप्पा आधी तिच्यावर चिडतील, मग तुझ्यावर, आणि पोरगा मला तोंड दाखवायला घाबरतो याचं दुःख वेगळंच. कार्तिकीपर्यंतही थांबू नकोस. व्हिडिओ चुलतभावाच्या फोनमध्ये आहे म्हणजे तो चावडीवर आहेच. वारीत चालताना दिंडीतल्या कुणीतरी फोन पुढं करून दाखवणं, यापेक्षा वाईट काय असेल त्यांच्यासाठी?

तू लिहिलंस, 'आप्पांना सहन होणार नाही.' असं आपण बापाबद्दल फार सहज म्हणतो. ज्या माणसानं रताळ्याचा भाव पडलेली वर्षं बघितली, बँकेत जमिनीचे कागद ठेवून तुझ्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) ११,९०४ युरो भरले, चोर्ला घाटातून गोव्याची बाटली घेऊन येणारे भाऊबंद जत्रेत सांभाळले, त्याला दारू म्हणजे काय हे ठाऊक आहे. माळ त्यांनी घातली आहे, गाव काही त्यांच्यासाठी कोरडं झालं नव्हतं. त्यांना राग येईल. दुःखही होईल. ते तुला ऐकावं लागेल, मधे न बोलता.

काय सांगायचं? थोडकं. 'आप्पा, या महिन्यात एका रात्री मी दारू प्यालो. खेळाच्या नादात फार झाली, आजारी पडलो. आता बरा आहे. त्याचा व्हिडिओ गावात फिरतोय, तो माझाच आहे.' एवढंच. पोरांनी पाजली म्हणू नकोस. कर्जाचा विषय त्यांनी काढला तर काढू दे, तू काढून रडू नकोस. आणि 'विठ्ठलाची शपथ, परत कधी नाही' असं अजिबात म्हणू नकोस. पुढं कधी लग्नात एखादा ग्लास घेतलास तर मोडलेली शपथ बापाला जास्त लागेल, आणि देवाला साक्षीला उभं करणं माळकरी माणसाला आवडतही नाही. जे पाळणार आहेस तेच बोल: ते खेळ परत खेळणार नाही. हे तुला पाळता येईल असं तुझ्या पत्रावरून वाटतं.

व्हिडिओचं आजच कर. ज्यानं टाकला त्याला वैयक्तिक मेसेज करून काढायला सांग, ग्रुपवर भांडू नकोस. टाळाटाळ केली तर सांग की असहाय अवस्थेतल्या माणसाचं चित्रण परवानगीशिवाय पसरवणं जर्मनीत फौजदारी गुन्ह्यात मोडतं. बहुतेकदा एवढं पुरतं. चुलतभावाला फोन कर, तोही पुढं पाठवायचं थांबवेल. चिडून बोलू नकोस, विनवणी कर. जो गेला तो परत येणार नाही, पण आणखी पुढं जायला नको.

आप्पांना फोन रविवारी लाव. बाजाराला माळव्याची गाडी लावायच्या दिवशी नको. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं मागं जातात, मग फरक साडेचार तासांचा होतो. तुझे दुपारचे दोन म्हणजे इथले साडेसहा. ते हरिपाठाला बाहेर पडायच्या आधी गाठ, आणि व्हिडिओ कॉल नको, साधा लाव.